आधी भावाकडे जा

नोव्हेंबर २०२४ मधल्या एका शनिवारी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच किलो बाजरी आणली. परातीत ओतून निवडली, खडे काढले, धुऊन वाळवलेल्या पांढऱ्या पिशवीत भरली आणि पिशवीचं तोंड लाल दोऱ्यानं शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीत कापणीचा सण होता.

ज्यांनी हा सण पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हंगाम घरात आला की एका रविवारी उपासनेला येताना प्रत्येक घर आपल्या पिकातलं काहीतरी घेऊन येतं. वेदीच्या दोन्ही बाजूंना ऊस उभे बांधलेले असतात. खाली भोपळे, कणसं, केळीचा घड, डाळ-तांदळाच्या पिशव्या, अंड्यांची टोपली. पाय बांधलेली एखादी कोंबडी उपदेश चालू असताना मध्येच ओरडते आणि पोरं हसतात. उपासना संपली की आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो. एखादा नारळ पाचशेला जातो, घेणारा तो पुन्हा दान करतो, पुन्हा बोली लागते. आमची मंडळी पुण्यातली, शेत असलेली घरं थोडीच. बाकीचे बाजारातून आणतात आणि त्यात काही वावगं नाही, पगार हेच त्यांचं पीक.

माझं तसं नव्हतं. नेवासा तालुक्यात आमची तीन एकर जमीन आहे, विहीर आहे. पंचवीस-एक वर्षं माझ्या घरात बाजरी आणि ज्वारी गावाकडूनच यायची. बाबा पोत्याच्या तोंडाशी माझं नाव शाईनं लिहून दादाबरोबर पाठवायचे. सणाला मी त्यातलीच वाटीभर न्यायची. २०२१ पासून ती पोती बंद झाली होती.

रविवारी पिशवी घेऊन रांगेत उभी होते. शेजारच्या बाईंनी पिशवीवर हात ठेवला, “गावची का हो बाजरी?”

मी म्हटलं, “हो.”

वेदीपासून चार पावलांवर मी खोटं बोलले, आणि तेसुद्धा कोणी काही मागत नसताना. पिशवी ठेवून जागेवर येऊन बसले तेव्हा लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेलं वचन आपोआप ओठांवर आलं. बायबलातलं मत्तयाचं पुस्तक, पाचवा अध्याय: तू आपलं दान वेदीजवळ आणत असता तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तुला तिथे स्मरण झालं, तर दान वेदीसमोर तसंच ठेव आणि निघून जा, प्रथम आपल्या भावाबरोबर समेट कर, मग येऊन दान अर्पण कर.

स्मरण झालं. पण मी उठले नाही. उपासना संपेपर्यंत बसले, लिलावात माझीच पिशवी दुसऱ्या कोणी दोनशे रुपयांना घेताना पाहिली आणि घरी आले.

*

आता जमिनीचं सांगायला हवं.

आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या शाळांमधून शिकून पुढे मास्तर, नर्स, पाळक झालेली घरं आमच्या भागात गावोगाव आहेत. आमचं त्यातलंच एक. आजोबांनी पगारातून तीन एकर घेतली, बाबांनी विहीर खोदली. आई आधीच गेली होती. डिसेंबर २०१९ मध्ये, नाताळनंतर आठवड्याच्या आत, बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. चौदा महिने ते अंथरुणावर होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं.

आम्हां ख्रिस्ती लोकांना वारसाच्या बाबतीत १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मागे जोडीदार नसेल, तर मुलाला आणि मुलीला सारखा वाटा. कायदा इतका सरळ आहे. तलाठ्याकडे वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर बाबांच्या नावाला कंस पडला, म्हणजे ते नाव कमी झालं, आणि खाली दोन नावं आली, दादाचं आणि माझं.

जूनमध्ये दादाचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. हक्कसोडपत्राचा, म्हणजे मी माझा वाटा सोडल्याच्या कागदाचा फोटो, आणि खाली: “सोमवारी अकराला निबंधक कार्यालयात ये. सही पाहिजे.”

मी लिहिलं: “सही करणार नाही.”

त्यानंतर साडेतीन वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

पैशासाठी मी नकार दिला असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. नर्सच्या नोकरीत माझं भागत होतं, भागतं आहे. तीन एकराच्या निम्म्यात असं काय मोठं पिकणार? मला त्या कंसाची भीती वाटली. सही केली की बाबांच्या नावासारखा माझ्याही नावाला कंस पडणार, आणि मी तर जिवंत होते. शिवाय आमच्याकडे बहिणीला कोणी विचारत नाही, तारीख कळवतात. हिंदू शेजाऱ्यांकडे तेच, आमच्याकडेही तेच. दीडशे-पावणेदोनशे वर्षं शास्त्र वाचणाऱ्या घरातही बहिणीची सही गृहीतच धरलेली असते, याचं मला फार वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही.

*

त्या साडेतीन वर्षांत मी पवित्र शास्त्र खूप वाचलं. आज कबूल करते, मी ते वकिलाच्या पुस्तकासारखं वाचलं, आपल्या बाजूचं कलम शोधत.

सापडलीही बरीच. गणना, सत्ताविसावा अध्याय. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेसमोर, याजकासमोर, सरदारांसमोर दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहतात आणि बापाचं वतन मागतात. मोशे परमेश्वराला विचारतो, आणि परमेश्वर म्हणतो, या मुलींचं म्हणणं रास्त आहे. पण त्या पाचजणींना भाऊ नव्हता. भाऊ असता तर त्यांना काही मिळालं नसतं, तिथला नियमच तसा होता. ते कलम माझ्या कामाचं नव्हतं. मग ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात एक ओळ सापडली. सगळं गमावून पुन्हा सगळं मिळालेल्या ईयोबानं आपल्या मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. कोणी मागितलं नव्हतं, नियम सांगत नव्हता, तरी दिलं. ही ओळ मी कित्येक वर्षं वाचली असणार आणि कधीच थांबले नव्हते. त्या दिवशी रडले. बाबांनी हे का केलं नाही, असं वाटून.

समोरच्या बाजूकडेही वचनं होतीच. आमचे एक वडीलधारे नातेवाईक घरी आले आणि करिंथकरांस पहिलं पत्र उघडून बसले. भावाभावांनी कज्जे करण्यापेक्षा अन्याय का सोसून घेत नाही, असं त्यात प्रेषित पौल विचारतो ते त्यांनी वाचून दाखवलं. “ख्रिस्ती बाईला हे शोभत नाही. सोडून दे, सही कर.” मी त्यांना विचारलं, हे दादाला वाचून दाखवलंत का? ते गप्प बसले. पौलानं ते पत्र सगळ्या मंडळीला लिहिलं आहे, पण आपल्या घरांत अन्याय सोसण्याचा अध्याय बहिणीपुढे, सुनेपुढे उघडतात. भावापुढे उघडलेला मी पाहिला नाही.

“सोडून दे” हा शब्द मात्र डोक्यात बसला. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज म्हणतो, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ त्याच क्रियापदानं हक्कसोड होतो. आमचं शास्त्र असं आमच्या ओसरीवरच्या शब्दांत बोलतं. वारसा म्हणायला त्यात ‘वतन’ आहे, अन्न म्हणायला ‘रोजची भाकर’ आहे. पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आख्खं शास्त्र आणलं, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते छापून झालं. वचन वाकळीसारखं रोजच्या वापरातलं व्हावं अशी ती धडपड होती. पण वाकळीखाली लपताही येतं. ‘सोडून दे’ म्हणजे राग सोडून दे की जमीन सोडून दे, हे जाणूनबुजून एक करून टाकलं की बहिणीची सही मिळते. राग सोडायला मी बांधील आहे. नाव सोडायला बांधील आहे असं मला कुठेही लिहिलेलं दिसलं नाही, आजही दिसत नाही.

इथवर मी माझ्या बाजूनं बरोबर होते. अडले ते लूकच्या बाराव्या अध्यायात.

गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला माझं वतन वाटून द्यायला सांगा. वाचताना मला वाटलं, हा मीच. आणि येशू त्याला म्हणतो, गृहस्था, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? दोन हजार वर्षांपूर्वी अगदी माझाच दावा त्याच्यापुढे आला आणि त्यानं तो हातात घेतला नाही. मला राग आला. एक ओळ बोलला असता तर जगभरातल्या किती बहिणींचं, धाकट्या भावांचं काम झालं असतं!

पुढचं वाक्य मी नेहमी दादाला उद्देशून वाचायची: सांभाळा, सर्व प्रकारच्या लोभापासून दूर राहा. पण नीट पाहिलं तर पहिलं उत्तर येशू ‘त्याला’ देतो आणि हे वाक्य ‘त्यांना’ म्हणतो. सगळ्यांना. लोभी कोण, जमीन दाबून बसलेला की मागणारा, हे तो सांगतच नाही. ‘सर्व प्रकारच्या’ असंही म्हणतो. आपण बरोबर आहोत हे रोज रात्री पुन्हा पुन्हा मोजत बसण्याचाही एक लोभ असतो. माझा तो होता. रागावर सूर्य मावळू देऊ नका असं इफिसकरांच्या पत्रात आहे, आणि माझ्या रागावर बाराशेच्या वर सूर्य मावळले होते.

*

सणाच्या रात्री झोप आली नाही. मत्तयातलं वचन परत उघडलं. इतकी वर्षं पाठ होतं, पण मी त्यातले शब्द मनात उलटे धरले होते. मला वाटायचं, माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर ते काढून टाकून ये, असं ते आहे. तसं नाही. ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ असं आहे. मी माझ्या मनाचा हिशेब साडेतीन वर्षं ठेवला. दादाच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, हे मला माहीतच नव्हतं. सही केली नाही म्हणून चिडला असेल, एवढंच मी धरून चालले होते.

आणखी एक गोष्ट. येशू हे बोलला ते गालीलात, आणि वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात. पायी तीन-चार दिवसांची वाट. म्हणजे ऐकणाऱ्यांना काय कळलं असेल? कोकरू घेऊन इतके दिवस चालून आलास, वेदीपाशी पोचलास, आता ते तिथेच ठेव, परत गालीलात भावाच्या घरी जा, आणि मग पुन्हा सगळी वाट चालून ये. देव तोवर थांबेल. आणि मला तर वाकडेवाडीहून एसटीत बसून नेवासा फाट्यावर उतरायचं होतं, चार-साडेचार तासांचं काम.

पुढच्या शनिवारी गेले. कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर दादा घरी थांबला नसता.

वहिनींनी दार उघडलं. क्षणभर बघत राहिल्या, मग “सलाम ताई” म्हणून हातातली पिशवी घेतली. दादा गोठ्यात होता. “कधी निघालीस?” एवढंच म्हणाला. जेवताना पावसाचं, कांद्याच्या भावाचं बोलणं झालं. तो बराच वाळला होता. गोठ्यात एक दावण रिकामी होती.

दुपारी आम्ही विहिरीपाशी बसलो. मी म्हटलं, “दादा, तुझ्या मनात माझ्याविषयी काय आहे ते सांग. मी मध्ये बोलणार नाही.”

“आता काय उपयोग, माई.”

“तरी सांग.”

बराच वेळ तो गवताची काडी मोडत राहिला. “सहीचा राग नाही मला. राग यायचा तो आधीच आला होता. त्या रागातच कागद पाठवला.” मग हळूहळू बोलला. “बाबांच्या पाठीला पहिली जखम झाली तेव्हा तुला फोन केला. तू मलमाचं नाव सांगितलंस आणि ड्युटी आहे म्हणालीस. दोन मिनिटं बोललीस. मी न् तुझी वहिनी मोबाइलवर व्हिडिओ लावून जखम धुवायला शिकलो. घरात नर्स असून. रात्री दोन-दोन तासांनी कूस बदलायची, एकट्यानं उचलत नव्हते ते, मग हिला उठवायचं. दवाखान्याला जर्सी गाय विकली. तू कधी विचारलंस का, पैसे कुठून आणले? तू लोकांच्या बापांच्या कुशी बदलत होतीस, माई.”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. ते वर्ष कोणतं होतं? मार्चअखेर टाळेबंदी लागली, आम्ही नर्सेस पीपीई किटमध्ये बारा-बारा तास उभ्या होतो, माझ्या बरोबरीच्या दोघी गेल्या. हे सगळं खरं आहे. पण टाळेबंदी सगळे चौदा महिने नव्हती. जानेवारी, फेब्रुवारी मोकळे होते. पावसाळ्यानंतर रस्ते उघडले होते. चौदा महिन्यांत मी दोनदा गेले, दोन्ही वेळा मुक्काम केला नाही.

आमच्या वॉर्डात नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर एक वचन चौकटीत लावलेलं होतं: ‘मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझी भेट घेतली.’ मी रोज त्याखाली उभी राहून औषधं भरायची, आणि ते माझ्याबद्दलच लिहिलेलं आहे असं मला वाटायचं. विहिरीपाशी बसून मला दुसरंच आठवलं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना, नियम काटेकोर पाळणाऱ्या त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, झापतो. माणूस आईबापांना म्हणतो, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते ‘कुर्बान’ आहे, देवाला अर्पण केलेलं आहे. आणि मग तुम्ही त्याला आईबापांसाठी काही करू देत नाही. इतकं स्पष्ट आहे ते. माझी सेवा खरी होती, रोगी खरे होते, आणि तरीही बाबांच्या वाट्याची माझी रात्र मी कुर्बान म्हणून बाजूला ठेवली होती. बेडसोअर कसा धुवायचा हे मी शेकडो नातेवाइकांना शिकवलं आहे, हात धरून. दादाला मी मलमाचं नाव सांगितलं.

मी म्हटलं, “चुकलं माझं, दादा.”

पुढे ‘पण’ येऊ पाहत होता. जीभ दातांखाली धरली. माझ्या आयुष्यात शास्त्र पाळण्याचं सगळ्यात अवघड काम कोणतं केलं असेन तर तो गिळलेला ‘पण’.

दादा काही बोलला नाही. तेवढ्यात लाइट आली आणि तो मोटर चालू करायला उठून गेला. आमच्याकडे लाइट आली की माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो, त्यामुळे त्याचं उठणं मला टोचलं नाही. पाटाला पाणी आलं. परत आला तेव्हा डोळे पुसलेले होते, की तोंडावर पाणी मारलं होतं, मला सांगता येणार नाही.

निघताना मी जमिनीचंही बोलले. ते न बोलता आले असते तर तो समेट झाला नसता, लपवालपवी झाली असती. “कसणारा तू आहेस, कसत राहा. मी विकायला सांगणार नाही, पीक मोजणार नाही. पण सही करणार नाही. बाबांच्या कागदावर माझं नाव राहू दे.”

“बघू,” दादा म्हणाला. तेवढंच.

बाजरी त्याच आठवड्यात व्यापाऱ्याला घालून झाली होती. वहिनींनी बांधावरच्या तुरीच्या ओल्या शेंगा पिशवीभर तोडून दिल्या. रविवारी त्यातल्या निम्म्या मी देवळात नेल्या. सण संपला होता, ऊस उतरवले होते, वेदीपाशी नेहमीची दोन फुलदाण्यांची मांडणी होती. उपासना सुरू व्हायच्या आधी शेंगांची पिशवी पायरीवर ठेवली. शेजारच्या बाईंनी काय आहे म्हणून विचारलं, आणि मी त्यांना मागच्या रविवारच्या बाजरीचंही खरं सांगितलं.

नाताळला दादाचा फोन आला नाही. मी केला तेव्हा वहिनी बोलल्या, मागून त्याचा आवाज येत होता, पोराला काहीतरी सांगत असलेला. नवीन वर्षाला मी केला नाही. प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋण सोडले आहे’ या शब्दांवर मी अडखळतच राहिले. तिथे ‘सोडू’ किंवा ‘सोडतो आहोत’ असं नाही, सोडून झालेलं आहे असं आहे, आणि आमच्या दोघांपैकी कोणाचं झालं होतं हे मला कळत नव्हतं.

मार्चमध्ये, दुपारपाळी संपवून कपडे बदलत होते, तेव्हा मोबाइल वाजला. व्हॉट्सॲपवर दुकानाच्या पावतीचा फोटो होता, आणि खाली दादानं लिहिलं होतं:

“विहिरीची मोटर जळाली. रिवाइंडिंगचे चार हजार झाले. निम्मे तुझे.”